मनकर्णाबाई ही अर्जदाराची शेजारीण नसल्याबाबत

प्रति,
माननीय शाखाधिकारी साहेब,
नुकसानभरपाई दावे विभाग,
वऱ्हाड सुरक्षा अग्निविमा कंपनी लिमिटेड,
शाखा खामगाव, जिल्हा बुलढाणा.

अर्जदार : उकंडराव रामराव वाकोडे, धंदा शेती, राहणार मौजे पळसखुटी, तालुका खामगाव.

विषय : घरापासून अलग बांधलेले स्वयंपाकाचे छप्पर जळाल्याचा दावा मागे घेणे, व अर्जदाराच्या आईस अर्जदाराची शेजारीण ठरविणारा मजकूर कंपनीच्या दप्तरातून काढून टाकणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची आजपर्यंत आलेली सर्व पत्रे. त्यांतले पहिले दुसऱ्याशी जुळत नाही आणि तिसरे कोणाशीच जुळत नाही, म्हणून जावक क्रमांक वेगळे लिहिलेले नाहीत.

महोदय,

अर्जदार हात जोडून कळवितो की, या विषयावरचा हा त्याचा शेवटचा अर्ज होय. मागच्या अर्जांत त्याने भरपाई मागितली होती. या अर्जात तो काही मागत नाही, उलट कंपनीने न मागता जे दिले ते परत करीत आहे. ते काय, हे समजण्यासाठी मूळ हकीकत पुन्हा एकवार लिहिणे भाग आहे, कारण आपली उत्तरे पाहता मागचे अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचले असतील असे वाटत नाही. हा तरी वाचावा.

१. अर्जदाराचे घर धाब्याचे आहे. रुंद मातीच्या भिंती, वर लाकडे, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घरात माणसे तीन : अर्जदार, त्याची बायको कोकिळाबाई आणि आई मनकर्णाबाई. हंगामात चौथा रहिवासी येतो, तो कापूस. साहेब परमुलुखातून बदलून आले असे ऐकतो, म्हणून सांगावे लागते की वेचणी झाली की इकडचा कापूस लगेच बाजार पाहत नाही. भाव चढेपर्यंत तो घरातच असतो, मधल्या खोलीत छताला टेकलेला. त्या दिवसांत कापूस पाय पसरून राहतो आणि माणसे अंग चोरून. कंदील दाराबाहेर टांगायचा, पाहुणा कितीही मोठा असो त्याने विडी अंगणातच ओढायची, ही पूर्वापार रीत आहे. चूल मात्र त्याच छताखाली, मागच्या खोलीत होती. तिच्यावर मनकर्णाबाईंची नजर असे, आणि त्यांच्या राखणीत एक ठिणगी इकडची तिकडे गेली नव्हती.

२. मागल्या साली गावातल्या एका घराचा कापूस पेटला आणि घरासकट गेला. राख निवते न निवते तोच आपल्या कंपनीचे एजंट शंकरराव सायकलवर गावात हजर झाले. माणूस वाईट नाही, बोलणे गोड आहे. अर्जदाराने विमा उतरविण्यास होकार दिला. मग कंपनीचे तपासनीस आले, बूट न काढता घरभर फिरले, आधी कापूस पाहिला, मग चूल पाहिली आणि कपाळाला हात लावला. एका छताखाली चूल आणि कापूस असेल तर विमा मिळणार नाही, चूल घरापासून निदान तीस हात लांब न्या, असे त्यांनी फर्मावले. मनकर्णाबाईंनी तेव्हाच विचारले होते, "घरातून चूल काहाडली तं घरात राह्यलं काय?" त्यावर तपासनीस म्हणाले, "कापूस राहिला." सगळे हसले. अर्जदारही हसला, याचे त्याला आज फार वाईट वाटते.

३. कंपनीचा शब्द प्रमाण मानून अर्जदाराने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, निंबाच्या पलीकडे, स्वयंपाकाचे छप्पर बांधले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप, वर भाजक्या मातीचे कवेलू. तपासनिसांनी दोरी धरून अंतर मोजले आणि आपल्या कागदावर शेरा मारला की चूल अलग इमारतीत, समाधानकारक. पॉलिसी मिळाली. शंकररावांनी पेढे खाल्ले.

चूल गेली तिथे मनकर्णाबाई गेल्या. त्यांची एक सवय कंपनीला ठाऊक असावी. त्या चूल कधी विझू देत नाहीत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख सारून त्यावरच काटकी धरायची. काडेपेटी ही आळशी बायांची चीज आहे असे त्यांचे मत असून ते बदलण्याच्या भरीस अर्जदार कधी पडला नाही. विस्तव एकटा सोडायचा नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. म्हणून चुलीच्या बाजूला त्यांचे अंथरूणही गेले. कोकिळाबाईंनी पुष्कळ विनवले की आत्याबाई, झोपायला तरी घरात या. बाईंनी ऐकले नाही. घरातच तर आहे मी, म्हणाल्या, आंगन का गावाबाहेर हाय?

४. त्याच साली ग्रामपंचायतीने घरांना नंबर टाकायला घेतले. ग्रामसेवक गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन गल्लीगल्लीने निघाले. आमच्या मुलुखात घर भिंतींवर ओळखत नाहीत, चुलीवर ओळखतात. भाऊ भाऊ वेगळे निघाले तर वाडगे, म्हणजे कुंपणातले अंगण, तेच राहते, दार तेच राहते, पण ओसरीत दुसरी चूल मांडली की पंच दोन घरे धरतात. रीत जुनी आहे आणि आजवर तिने कोणाला फसविले नव्हते. ग्रामसेवकांनी अर्जदाराच्या घरात डोकावले : चूल नाही, कापूस आहे. निंबापलीकडे डोकावले : चूल आहे, बाजूला अंथरूण आहे, एक म्हातारी भाकर थापते आहे. त्यांनी विचारले, "आजी, तुमी अठीच राह्यता का?" बाई म्हणाल्या, "हाव बापू, चूल अठी तं मी अठी." झाले. घरावर एकशे बारा आणि छपरावर एकशे तेरा असा गेरूचा नंबर पडला, आणि एकशे तेरा नंबरपुढे मनकर्णाबाईंचे नाव चढले.

बाईंना त्याची मौज वाटली. आता मले डाकेनं पत्र येईन, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पत्र खरेच आले, पण ते पुढे सांगतो.

५. माघातल्या एका दुपारी अर्जदार व कोकिळाबाई शेतात होते आणि मनकर्णाबाई विस्तव राखेखाली झाकून गोऱ्ह्याला पाणी दाखवायला तेवढ्यापुरत्या विहिरीवर गेल्या होत्या. वावटळ उठली. राखेखालचा विस्तव उडून कुडाच्या पऱ्हाटीत शिरला आणि बघता बघता छप्पर भडकले. माणसे घागरी घेऊन धावली. तेव्हा विहिरीवरून धावत आलेल्या मनकर्णाबाई छपराच्या आडव्या उभ्या राहिल्या आणि घराकडे हात करून ओरडल्या, "याले जळू द्या! घराच्या धाब्यावर पानी मारा! घर वाचवा आंदी!" लोकांनी तसेच केले. धाबे ओले राहिले, कापसाला धग लागली नाही.

साहेबांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. कंपनीने ज्याचा विमा उतरविला होता ते घर, आणि ज्याच्या धास्तीने चूल बाहेर घालविली तो कापूस, दोन्ही या म्हातारीने वाचविले. बदल्यात जळू काय दिले? लग्नात माहेरून आलेला पाण्याचा तांब्याचा गुंड, ज्वारीच्या कणग्या, वर्षाच्या कुरड्या-शेवया आणि सासूच्या हातचे जाते, जे धगीने मधोमध तडकले. त्या जात्यापुढे बसून बाई रडल्या. अर्जदाराने त्यांना रडताना त्याआधी एकदाच पाहिले होते, रामराव वारले तेव्हा.

६. अर्जदाराने रीतसर दावा केला. कंपनीचे पत्र आले, इंग्रजीत. ते वाचून घेण्यासाठी पळसखुटीहून खामगावला यावे लागते, आणि ऐकून झाले की तोंड कडू करून एसटीने परत जावे लागते. पहिल्या पत्रातला मतलब असा : पॉलिसी राहते घर व त्यास लागून असलेले बांधकाम एवढ्याचीच आहे, जळालेले बांधकाम घरास लागून नसून अलग आहे, सबब दावा नामंजूर.

अलग आहे हे अर्जदारास मान्य. पण साहेब, ते अलग केले कोणी? अर्जदाराला काय हौस होती, भरल्या घरातून चूल उचलून निंबाखाली नेण्याची? तीस हाताची दोरी कोणाच्या हातात होती? विमा देताना जे समाधानकारक होते तेच दावा देताना दोषाचे झाले. याला गावाकडे जो शब्द आहे तो अर्जात लिहिता येत नाही.

७. असा उलट अर्ज करताच दुसरे पत्र आले. त्यात कंपनीने अर्जदारालाच सवाल केला : मुख्य इमारतीत जर चूल नाही आणि कापूस आहे, तर ते राहते घर नसून गोदाम होय, तरी राहत्या घराच्या नावाने घेतलेली पॉलिसी रद्द का करू नये याचा खुलासा द्यावा. शिवाय दाव्याचा निकाल लागेपर्यंत जागेवरची परिस्थिती बदलू नये, म्हणजे कापूस हलवू नये आणि जळालेल्या जागी काही बांधू नये, अशी ताकीद दिली.

अर्जदार या घरात जन्मला. याच्या ओसरीत त्याची मुंज नव्हे, पण हळद लागली. बाप याच घरातून उचलला. आणि कंपनी म्हणते, हे गोदाम. बरे, गोदाम तर गोदाम, पण ते तसे झाले कोणाच्या सांगण्यावरून? हे विचारायला अर्जदार आपल्या कार्यालयात आला असता पंख्याखालच्या कारकुनाने त्याला बाकावर बसविले, आणि बाक रिकामा करायला शिपाई आला तोवर कारकून जेवायला गेले होते.

८. पुढे कंपनीचे मोजणीदार आले. माणूस कनवाळू होता. जाता जाता बोलून गेला की घर व छपराच्या मध्ये नुसते आच्छादन असते तरी लागून बांधकाम धरता आले असते. अर्जदार कुणबी माणूस, साहेबाच्या तोंडचा शब्द म्हणजे सरकारी मोहर. त्याने दुसऱ्याच दिवशी बांबू आणले आणि घराच्या दारापासून जळक्या छपरापर्यंत लग्नात घालतात तसा मांडव घातला. गावाने विचारले, कोणाचे लगन हाय उकंडराव? अर्जदाराने सांगितले, घराचे आणि राखेचे.

मग दुसरे मोजणीदार आले. त्यांनी मांडव पाहिला आणि म्हणाले, आता चुलीची जागा घराला लागून झाली, म्हणजे चूल लांब ठेवण्याची अट मोडली. शिवाय परिस्थिती बदलली. मांडव उतरवा. अर्जदाराने मांडव उतरवला. आगीतून फुफाट्यात ही म्हण त्याने लहानपणापासून ऐकली होती, तिचे ठिकाण त्याला त्या दिवशी सापडले.

हे सर्व होईतो उन्हाळा लागला. कापूस हलवायचा नाही, म्हणून चूल घरात न्यायची नाही. छप्पर बांधायचे नाही, म्हणून चुलीवर छप्पर नाही. मनकर्णाबाई तीन दगड मांडून निंबाखाली उघड्यावर रांधतात, आणि विस्तव एकटा सोडायचा नाही म्हणून तिथेच निजतात. दुपारी असे ऊन पडते की तव्याखाली जाळ घालावा की नाही असा प्रश्न पडावा. त्या वयाच्या बाईला दोन वेळा चक्कर आली. अर्जदाराने पाय धरले की माय, घरात ये. त्यांचे उत्तर ठरलेले : चूल येईन तवा मी येईन.

९. आता तिसरे पत्र, ज्यासाठी हा अर्ज आहे. कंपनीने ग्रामपंचायतीचा उतारा काढला. त्यावरून कंपनीला असा शोध लागला की जळालेली इमारत म्हणजे घर नंबर एकशे तेरा, मालक मनकर्णाबाई, कुटुंब स्वतंत्र. सबब अर्जदाराचा त्या इमारतीशी काही संबंध नाही. आणि मनकर्णाबाईंची पॉलिसी नाही, सबब त्यांचाही दावा नाही. तथापि, असे पुढे लिहिले होते, विमेदाराच्या हातून शेजाऱ्याच्या मालमत्तेस आग लागल्यास त्याची भरपाई देण्याचे एक कलम पॉलिसीत आहे. करिता मनकर्णाबाईंनी सोबतच्या कागदावर, आपण विमेदाराच्या शेजारी असून आपले कुटुंब स्वतंत्र आहे व आपल्या छपरास आग विमेदाराच्या माणसांच्या हातून लागली, असे अंगठ्यानिशी कबूल करावे. मग भरपाई मंजूर करता येईल.

तो कागद घेऊन शंकरराव स्वतः आले. त्यांचा हेतू चांगला होता हे अर्जदार आजही म्हणतो. त्यांनी निंबाखाली बसून कागद मराठीत वाचून दाखविला आणि शाईची डबी उघडून म्हणाले, "बाई, अंगठा द्या. कागदच तर आहे, नात्याला काय होते?"

बाईंनी अंगठा दिला नाही. शंकररावांकडे पाहिलेही नाही. अर्जदाराकडे पाहिले आणि विचारले, "उकंडा, तो गेरूचा नंबर तू टाकाले सांगतला होता का रे?"

१०. अर्जदाराने गळ्याची शपथ घेतली. पण शपथेने काय होते? सारे एकापुढे एक मांडले तर कोणत्याही म्हातारीला तसेच दिसावे. लेकाने चूल बाहेर काढली. मागोमाग नंबर पडला. मग घर जळले ते तिचे, वाचले ते लेकाचे. आणि आता साहेबाचा कागद आला की तू शेजारीण आहेस. गावानेही तेच जोडले. उकंड्यानं माय वेगळी काहाडली, अशी बोली झाली. कोकिळाबाई हळदीकुंकवाला गेल्या तिथे एकीने सर्वांदेखत विचारले की सासूला नंबर लावून दिला म्हणे. कोकिळाबाई तशाच उठून घरी आल्या, आणि तेव्हापासून त्या कोणाच्या दारात गेलेल्या नाहीत.

मनकर्णाबाई अर्जदाराशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नित्यनेमाने भाकर करीत, त्याची भाकर फडक्यात झाकून कोकिळाबाईंच्या हाती पाठवीत, जशी लोक शेजारी पाठवतात. साहेब, अर्जदाराने ती भाकर गिळली कशी हे त्याचे त्याला ठाऊक. छप्पर जळाले त्याचे दुःख आगीपुरते होते. हे दुःख कंपनीच्या कागदाने घरात आणले, आणि त्याचा विमा कोणी उतरवत नाही.

११. कंपनीने नात्याबाबत शेजाऱ्याचा जबाबही मागविला होता. अर्जदाराची खरी शेजारीण जनकाबाई आहे, कुंपणापलीकडची, वयाने मनकर्णाबाईंच्याच बरोबरीची. तिचा जबाब तिच्या शब्दांत असा : "शेजारीन मी हावो. ते माय हाय. सायबाले एवढं समजत नसन तं त्यानं आपल्या मायले इचारावं." जबाब सोबत जोडला आहे. शेवटचे वाक्य गाळावे असे तो लिहून घेणाऱ्याने सुचविले होते, जनकाबाईने नकार दिला.

१२. आज सकाळी अर्जदाराने कंपनीची ताकीद मोडली. परिस्थिती बदलली. कापूस बैलबंडीत भरला. बाहेर तीन दगडांपाशी बसलेल्या मनकर्णाबाईंनी ते पाहिले आणि सुनेला विचारले, "भाव तं चढला नाही, मंग काऊन भरून राह्यले?" कोकिळाबाईंनी सांगितले, "चूल घरात घ्याची हाय म्हन्ते." बाई उठल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि कोणाचा हात न धरता बंडीवर, कापसावर चढून बसल्या. पळसखुटीपासून खामगावपर्यंत मायलेक एका बंडीत होते आणि एक शब्द झाला नाही. कापूस बाजारात उतरला. मग अर्जदार कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्याकडे आला आणि बाई मागोमाग येऊन बाजूला बसल्या.

अर्जदार सांगत होता, लिहिणारा लिहीत होता. शेजारी या शब्दापाशी आल्यावर बाईंनी हात वर करून थांबविले आणि पुढची हकीकत आपल्या तोंडाने सांगितली. ती कंपनीच्या कोणत्याही कागदावर नाही, म्हणून इथे लिहिली आहे.

अर्जदाराच्या आधी मनकर्णाबाईंची लेकरे पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा जुन्या बायांनी सांगितली ती रीत त्यांनी केली. ओल्या बाळाला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे घरामागच्या शेणकचऱ्याच्या ढिगावर ठेवले आणि पाठ फिरवून निघून आल्या. हे लेकरू कोणाचे नाही, टाकलेले आहे, असे काळाला वाटावे आणि त्याने नजर लावू नये, असा त्यातला भाव. जनकाबाईने बाळ उचलून आपल्या घरी नेले. मग मनकर्णाबाई गिऱ्हाईक होऊन तिच्या दारात गेल्या, सूपभर ज्वारी तिच्या ओटीत घातली आणि लेक विकत घेऊन आल्या. म्हणून नाव उकंडा. या मुलुखात अशा नावाची पुष्कळ माणसे आहेत, साहेबांनी हसू नये.

एवढे सांगून बाई म्हणाल्या ते जसेच्या तसे : "एकडाव मी याले पाठ दाखोली, तो जगाव म्हनून. सूपभर जवारी देल्ली अन् वापस आनला. आता कंपनीचे पैसे घेऊन याले पुन्हा लोकाचा म्हनू? काऊन म्हनू?"

अर्जदार त्या वेळी तोंड फिरवून उभा होता. बाईंनी त्याला हाक मारली, "उकंडा, बस अठी. उनात नोको उभा राहू." कित्येक दिवसांनी आई त्याच्याशी बोलली ती एवढीच. अर्जदाराला ते पुरेसे आहे.

१३. सबब कंपनीस विनंती की,

जळालेल्या छपराचा दावा अर्जदार मागे घेत आहे, तो बंद करावा. छप्पर लागून होते की अलग होते, घर राहते आहे की गोदाम, याचा निकाल कंपनीने सवडीने लावावा. अर्जदाराला तो कळविण्याची गरज नाही.

मनकर्णाबाई शेजारी राहतात, कुटुंब स्वतंत्र आहे, हा मजकूर कंपनीच्या ज्या ज्या कागदावर असेल तिथून खोडावा, आणि खोडल्याचे पत्र मराठीत पाठवावे, म्हणजे ते गावात चावडीवर वाचता येईल. हे मात्र अगत्याने करावे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी अर्जदाराची स्थिती आहे.

ग्रामसेवकांकडे वेगळा अर्ज केला आहे. एकशे तेरा नंबर सध्या जळक्या भिंतीच्या एका तुकड्यावर शिल्लक आहे, तो अर्जदार स्वतः पुसणार आहे.

आज संध्याकाळी चूल घरात, मागच्या खोलीत, तिच्या जुन्या जागी मांडली जाईल. पुढच्या हंगामात कापूस घरात येईल की निंबाखाली राहील, ते तेव्हा पाहू. चुलीची अट मोडल्यामुळे पॉलिसी रद्द होत असेल तर खुशाल करावी. अर्जदाराच्या घरात रात्री निखारे राखेखाली झाकलेले असतील आणि त्यांच्यापाशी कोणीतरी निजलेले असेल. आजवर घर त्यावरच सुरक्षित होते.

एरवी आपला नम्र, या एका बाबतीत नाही,

(सही) उकंडराव रामराव वाकोडे

अंगठा, डाव्या हाताचा, मनकर्णाबाई रामराव वाकोडे. नाते : अर्जदाराची आई. राहणार : त्याच घरात.

(बाईंनी अंगठा उठविण्यापूर्वी वरील दोन ओळी तीनदा वाचून घेतल्या.)

खामगाव,
दिनांक १९ मे १९६७

अर्ज लिहिणार : इंद्रभान, कचेरीसमोर, खामगाव. मजकूर अर्जदाराच्या व त्याच्या आईच्या सांगण्यावरून. जिथे भाषा अर्जाला न शोभणारी झाली आहे तिथली जबाबदारी लिहिणाऱ्याची. त्याने कंपनीची तीनही पत्रे वाचून दाखविली आहेत, तेव्हा त्याचाही थोडा हक्क पोहोचतो.

सोबत :
१. कंपनीची सर्व पत्रे, परत.
२. शेजारी असल्याबद्दलचा कबुलीकागद, बिनअंगठ्याचा.
३. जनकाबाईचा जबाब, शेवटच्या वाक्यासह.
४. ज्वारी, एक मूठ, पुरचुंडीत. कंपनी प्रत्येक वस्तूच्या मालकीचा पुरावा मागते म्हणून मनकर्णाबाईंनी आपल्या पदराची गाठ सोडून दिली आहे. ही परत पाठवू नये. दिलेली किंमत बाई परत घेत नाहीत.